डब्यातल्या ओल्या पोळ्या

लेकीचा डबा रोज अर्धा परत यायचा. विचारलं की एकच उत्तर, "आई, पोळी ओली होते गं." मला वाटायचं, नखरे. मग एक दिवस ऑफिसात स्वतःचा डबा उघडताना नीट पाहिलं. झाकणाला आतून घामासारखे थेंब, वरची पोळी चिकट आणि तळाची तर लगदाच.

चूक माझीच. सकाळची घाई, तव्यावरची पोळी थेट स्टीलच्या डब्यात आणि झाकण घट्ट. वाफ जाणार कुठे? गार झाकणाला लागून तिचं पाणी होतं, ते परत पोळीवर ठिबकतं.

आता पोळ्या बांबूच्या टोपलीत सुती फडक्यावर सुट्या टाकते, पाच-सात मिनिटं. अगदी गार होऊ देत नाही, कडा वातड होतात. हाताला कोमट लागल्या की तुपाचं बोट फिरवून चार पदरी घडी घालायची. डब्याच्या तळाशी जुन्या मलमलीचा तुकडा. आधी टिश्यू पेपर लावून पाहिला होता, तो पोळीलाच चिकटला! कणकेत चमचाभर तेल आणि थोडं दूध घालते, दुपारपर्यंत मऊ राहतात.

भाजीही शेवटची दोन मिनिटं झाकण काढून परतते. मटकीची उसळ मात्र रिंगवाल्या डबीत. ती रबरी रिंग रोज काढून धुवावी लागते, नाहीतर लसणाचा वास दुसऱ्या दिवशीच्या शिऱ्यालाही लागतो.

काल डबा रिकामा आला. काकडीची कोशिंबीर तेवढी उरली होती, पण ते भांडण वेगळं.