स्प्रिंगची फोम-बंदूक: सगळा खेळ ओ-रिंगचा
नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत उभा जन्म लेथवर गेला, पण नातवाची बंदूक केली ती हॅकसॉ, कानस आणि हँड ड्रिलवर. नळी अर्धा इंची सीपीव्हीसीची, म्हणजे नळाच्या प्लास्टिक पाइपाची. फोमची गोळी तिच्यात हलक्या बोटाने सरकली पाहिजे. सिलिंडर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो तो पाइप, सव्वा इंची पीव्हीसीचा. कापलेली धार आतून घासा, नाहीतर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी पिस्टनवरची रबरी कडी, पहिल्याच दिवशी कापली जाते.

पिस्टन नायलॉनचा. मधून बोल्ट घालून ड्रिलच्या चकात (पकडीत) धरला, फिरवला आणि कानस टेकवून रिंगसाठी खाच पाडली. पहिली खाच खोल गेली, रिंग सैल बसली, गोळी पायाशीच पडली. नातू काय हसला! आता आधी तपासतो: नळीचं तोंड अंगठ्याने दाबायचं, पिस्टन ढकलायचा. तो अडून थोडा मागे आला तर ठीक. भसकन पुढे गेला तर हवा गळतेय. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं.

खटका म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या खाचेत अडकणारी लोखंडी पट्टी, बस. स्प्रिंग फार ताठ नको, पोराला ओढता आली पाहिजे. ती दाबलेली असताना मागची कॅप उघडू नका. रिकामी उडवू नका, पिस्टन तडकतो. नळीच्या तोंडाला नारिंगी रंग, डोळ्यांना चष्मा. आणि गोदाघाटावर नेऊ नका, तिथे गर्दी फार.