घरातली जुनी इलेक्ट्रिक गिटार: किंमत विचारायच्या आधी या चुका टाळा

माळ्यावरून केस खाली उतरते, झाकण उघडतं आणि अर्ध्या तासात घरातलं कुणीतरी मोबाईलवर किंमत शोधायला लागतं. इथूनच बिघडायला सुरुवात होते. मी गिटारी दुरुस्त करतो. जुनी गिटार "जरा बघून द्या" म्हणत लोक येतात, आणि बरेचदा नुकसान उरकूनच येतात. आधी गिटार कुठली ते ओळखायचं, मग किंमत काढायची आणि दुरुस्तीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. पण घाई झालेल्या माणसाला हे उलटंच सुचतं.

"जरा नवी करून" दाखवायला आणणे

वसईचे एक गृहस्थ आले होते. मामा बोटीवर होते. त्यांनी साठच्या दशकात अमेरिकेहून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार आणली, काही वर्षं लग्नांत वाजवली, मग ती पलंगाखाली गेली. जुन्या फेंडरला लाखांत भाव येतो असं भाच्याने कुठेतरी वाचलं. रंग जागोजागी उडालेला, कडेला लाकूड दिसत होतं. अशी कळकट वस्तू कशी दाखवायची, म्हणून गिटार थेट फर्निचर पॉलिशवाल्याकडे गेली. त्याने इमानदारीत काम केलं. लाकडापर्यंत घासली आणि वर काळा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला, अगदी आरशासारखा. ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) सैल होते, म्हणून हेडस्टॉकला (गिटारीच्या डोक्याला) नवी भोकं पाडून नवे बसवून घेतले. जुने भंगारात.

मी नेक, म्हणजे गिटारीची मान, उतरवली. टाचेवर शिक्का होता: 2, मग नोव्हेंबर, 64 आणि शेवटी बी. "म्हणजे 2 नोव्हेंबर!" भाचा खूश. नाही. त्या काळात फेंडरच्या शिक्क्यातला पहिला आकडा मॉडेलचा असे, 2 म्हणजे स्ट्रॅटोकास्टर. बी म्हणजे नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) नेकची रुंदी. तारीख फक्त महिना आणि वर्ष सांगते. पण तो महिना भारी होता. जानेवारी 1965 मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली, आणि त्याआधीच्या गिटारींना संग्राहक वेगळाच भाव देतात. ही नेक त्याच्या दोनच महिने आधीची.

मग मागचं झाकण काढलं. स्प्रिंगांच्या खाचेत, जिथे पॉलिश पेपर पोचला नव्हता, तिथे बोटभर निळा रंग उरला होता. चकाकीचा निळा. लेक प्लॅसिड ब्लू. त्या काळात असा खास रंग हवा असेल तर फेंडर पाच टक्के जास्त घ्यायची, त्यामुळे नेहमीच्या सनबर्स्टपेक्षा (मध्ये फिका, कडेला गडद होत जाणारा रंग) अशा गिटारी कमी, आणि आज त्यांना भाव जास्त. रंग बदललेल्या जुन्या गिटारीची किंमत बाजारात ढोबळमानाने निम्मी धरतात. खास रंगाच्या गिटारीला हा फटका अजून जोरात बसतो, कारण तिच्यात मोल त्या रंगाचंच असतं. ट्यूनरची नवी भोकं आणि भंगारात गेलेला जुना क्लूसन ट्यूनरांचा सेट वेगळाच. तो सेट नुसता विकला असता तरी पॉलिशवाल्याची मजुरी सुटून वर पैसे उरले असते.

"परत निळी करून देता का?" असं त्यांनी विचारलं. देता येते. पण ती आजच्या रंगाची निळी होईल, आणि गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत ते ओळखेल.

म्हणून माझी सवय अशी: केस उघडली की फक्त कोरडं, मऊ सुती फडकं. बस. गंजलेल्या तारासुद्धा फोटो काढल्याशिवाय उतरवत नाही. पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणारी चुंबकी पेटी) कव्हरवर भांडी घासायची पावडर चालवू नका, निकेलचा मुलामा निघून खालचा धातू दिसायला लागतो. फ्रेटबोर्डला (तारा दाबायच्या पट्टीला) खोबरेल तेल लावू नका, ते खवट होतं आणि धूळ धरतं. नॉब खरखरतो म्हणून आत दाराच्या बिजागरीवर मारायचा स्प्रे मारू नका. जुनी गिटार महिनाभर रेक्झिनच्या सोफ्याला किंवा रबरी स्टँडला टेकवून ठेवू नका. तिच्यावरचं जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर (त्या काळचं वॉर्निश) रबराशी, रेक्झिनशी लागून मऊ पडतं, चिकटतं. कोकणातल्या दमट हवेत तर बघायलाच नको.

आणि यूट्यूब बघून ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) पिळणाऱ्यांना हात जोडून विनंती: पिळू नका.

सीरियल नंबर हीच जन्मपत्रिका समजणे

नंबर टाकला, वेबसाइटने वर्ष दिलं, विषय संपला. असं नसतं. जुन्या फेंडरचा नंबर नेकच्या मागच्या लोखंडी प्लेटवर असतो आणि ती प्लेट चार स्क्रूंवर बसते. दहा मिनिटांत बदलता येते. शिवाय कारखान्यात प्लेटा क्रमाने लावत नव्हते, डब्यातून हाताला येईल ती लागायची. त्यामुळे नंबरवरून अंदाज येतो, वर्ष ठरत नाही. 1976 पासून नंबर हेडस्टॉकवर आला.

गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा घोळ आणखी मोठा. साठच्या दशकात त्यांनी तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले, म्हणून निव्वळ नंबरवरून त्या काळातलं वर्ष काढणारा माणूस तुम्हाला हवं ते सांगतोय असं समजा. 1977 पासून मात्र आठ आकडी नंबर आला आणि तो छान वाचता येतो. समजा 82765501 आहे. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, 85. मधले 276 म्हणजे वर्षातला 276 वा दिवस, म्हणजे 3 ऑक्टोबर 1985. शेवटचे तीन कारखाना आणि त्या दिवसाचा क्रम सांगतात. आणि हेडस्टॉकच्या मागे "मेड इन यू.एस.ए." ठोकलेली गिब्सन कुणी 1962 ची म्हणून दाखवत असेल तर चहा पिऊन निरोप घ्या. तो शिक्का 1970 पासूनचा.

मी नंबर शेवटी बघतो. आधी पिकगार्ड (पुढचं प्लॅस्टिकचं झाकण) उचलतो आणि पॉट, म्हणजे नॉबखालचा तो गोल डबा, त्याच्या पाठीवरचा किंवा कडेचा आकडा भिंगातून वाचतो. उदाहरणार्थ 1376633. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: 137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल. मग 66 हे वर्ष, 33 हा आठवडा. म्हणजे हा पॉट ऑगस्ट 1966 च्या आसपासचा. आता घाईवाले लगेच "1966 ची गिटार!" म्हणून मोकळे होतात. पॉट एवढंच सांगतो की गिटार त्याआधीची नाही. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढे दशक संपेपर्यंत लावत राहिली. नेकची तारीख, पॉट, पिकगार्डच्या स्क्रूंची संख्या, लोगोची धाटणी, हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच वर्ष सांगावं. एखादी गोष्ट जुळली नाही तर काय बदललंय ते शोधावं.

पॉटला लावलेलं झाळकाम (सोल्डरिंग) बघा. जुनं, न छेडलेलं झाळकाम मळकट, गुळगुळीत असतं. नंतर कुणी हात लावला असेल तर चकचकीत गोळे आणि आजूबाजूला जळल्याच्या खुणा दिसतात. न छेडलेल्या झाळकामाला संग्राहक पैसे मोजतो. म्हणून पिकअप "चेक करायला" वायर सोडवणाऱ्या पोराला गिटारीपासून लांब ठेवा.

स्क्रू काढताना नेमक्या मापाचाच पेचकस घ्या, आणि कुठला स्क्रू कुठला ते कागदावर चिकटवून ठेवा. याचा लोकांना कंटाळा येतो.

नाव नीट न वाचणे

नेकच्या प्लेटवर "स्टील रीइन्फोर्स्ड नेक" लिहिलेलं असतं आणि लोक विचारतात, ही कंपनी कुठली? ती कंपनी नाही. नेकमध्ये पोलादी पट्टी आहे एवढंच ते सांगतं, आणि गिटार बहुधा साठच्या दशकातली जपानी असते. टेस्कोसारख्या जपानी कारखान्यांनी एकच गिटार डझनभर नावांनी विकली. त्यांतल्या बऱ्याचशा काहीशे डॉलरच्या आसपास राहतात. वाजवायला मजेशीर असतात, पण त्यांच्यावर फ्लॅट येणार नाही.

गिवसन वाचून गिब्सन समजणारेही दर वर्षी भेटतात. मधलं अक्षर परत बघा. गिवसन कोलकात्याची. गिबटोनही तिथलीच. परवाने आणि आयातबंदीच्या काळात आपल्याकडच्या कितीतरी पोरांची पहिली गिटार यांचीच होती, त्यामुळे घरच्या आठवणीसाठी ती नक्की जपा. फक्त अमेरिकन भाव सांगू नका.

"लॉसूट गिटार" (लॉसूट म्हणजे कोर्टातला दावा) हे शब्द ऐकले की मला आता झोप येते. 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला, तोही हेडस्टॉकच्या आकारावरून, आणि पुढे तो कोर्टाबाहेर मिटला. तेवढ्या एका दाव्यावर सत्तरच्या दशकातली प्रत्येक जपानी नक्कल "लॉसूट" म्हणून खपवली जाते. इबानेझ असेल तर नंबर बघा: पहिलं अक्षर महिना, पुढचे दोन आकडे वर्ष. एफ 77 म्हणजे जून 1977.

हवाईयन गिटार "दुरुस्त" करणे

तारा फ्रेटबोर्डपासून अर्धा इंच वर आहेत, दाबताच येत नाहीत, म्हणून गिटार बिघडली असं ठरवून नट घासून घेतात. अहो, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार आहे. वरून पोलादी कांडी फिरवायची, तारा दाबायच्याच नसतात. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटार घरोघरी ऐकवली, आणि एके काळी मुंबईपासून कोलकात्यापर्यंत ती शिकणाऱ्यांची रांग होती. नेक मागून चौकोनी असेल किंवा फ्रेटच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेघा असतील, तर ती जन्मजात हवाईयन. नेक गोल असेल तर नटवर एक धातूची टोपी चढवलेली असते. तारा सैल केल्या की ती निघते आणि खाली साधी गिटार मिळते. ती टोपी फेकू नका. मी ती पाकिटात घालून केसमध्येच ठेवायला सांगतो.

आजोबांच्या गोष्टीची किंमत लावणे

मुंबईतली प्रत्येक जुनी गिटार पंचमदांच्या रेकॉर्डिंगला वाजलेली असते. निदान माझ्यापर्यंत येणारी तरी. गोष्ट खरीही असेल, पण गिऱ्हाईक गोष्टीला पैसे देत नाही, कागदाला देतो. बँडबरोबरचा जुना फोटो, ज्यात हीच गिटार ओळखता येते (लाकडाच्या रेषा आणि टवके जुळवून बघा), दुकानाचं बिल, कस्टमची पावती, केसच्या खिशातलं जुनं वॉरंटी कार्ड. आणि केससुद्धा. कुबट वास येतो म्हणून मूळ केस फेकून नवी झोळी आणणाऱ्यांना काय म्हणावं? उन्हात नाही, सावलीत वाऱ्याला उघडी ठेवा, वास जातो.

मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत समजणे

इंटरनेटवर कुणी वीस लाख मागतोय, याचा अर्थ कुणी वीस लाख दिले असा नाही. ती जाहिरात तिथे तीन वर्षं पडून असेल. विकल्या गेलेल्या गिटारींचे भाव बघा, तुमच्याच वर्षाच्या, तुमच्याच अवस्थेतल्या. मग त्यातून कमिशन, पॅकिंग, विमा, कुरिअर वजा करा. आपल्याकडे महाग जुनी गिटार घेणारे थोडे, त्यामुळे इथे पटकन विकायची तर भाव उतरतो. दोन जणांकडून किंमत काढा, आणि त्यांतला एक तरी असा हवा की ज्याला ती स्वतः विकत घ्यायची नाही.

परदेशी पाठवणार असाल तर फ्रेटबोर्डचं लाकूड आधी ओळखून घ्या. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक अमेरिकन गिटारींचे फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचे (शिसवीची एक जात) आहेत, आणि ते लाकूड 1992 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय सीमा ओलांडली तर गिटार जप्त होऊ शकते. 2019 मध्ये तयार वाद्यांना जी सवलत मिळाली ती शिसवीच्या बाकीच्या जातींना, या जातीला नाही. "कुरिअरवाला बघून घेईल" हे उत्तर मला चालत नाही.

व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवून "किती मिळतील?"

सोफ्यावर आडवी गिटार, शेजारी पुतण्या, वर ट्यूबलाइटचा चटका. यावरून मी काहीही सांगत नाही. दिवसाउजेडात, फ्लॅश न मारता, पुढून आणि मागून पूर्ण गिटार, हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी, नेकची प्लेट, नंबर, तडे, टवके, जादा भोकं जिथे असतील तिथे अगदी जवळून. लपवू नका, ती मला नंतर दिसतातच. नेक उतरवायची आणि पिकगार्ड उचलायचा सराव नसेल तर ते फोटो राहू द्या, गिटार जाणकाराकडे घेऊन जा आणि त्याच्या समोर उघडायला लावा. मजुरी विचारून घ्या. फुकट बघून देतो म्हणणारा बहुतेक वेळा स्वतःच गिऱ्हाईक असतो.