कॉल सेंटर आणि कम्युनिटी जोडताना: फ्लोअरवरून ऑटोमेशनकडे येणाऱ्यांसाठी

झॅपियर किंवा मेकमध्ये (कोड न लिहिता ॲप जोडायची टूल) दोन ॲप जोडता येतात, वेबहुक (काही घडलं की एका ॲपने दुसऱ्याला आपोआप धाडलेला निरोप) म्हणजे काय ते माहीत आहे, एपीआय की कुठून काढायची तेही ठाऊक आहे, असं धरून लिहितेय. नसेल ठाऊक तर आधी एक रविवार त्यात घालवा, मग या. त्यासाठी पैसे भरून कोर्स लावू नका. मेकच्या मोफत खात्यात वेबहुक चालतं, झॅपियरमध्ये त्याला पैसे पडतात. सरावापुरतं मेक, एक गुगल शीट आणि स्वतःच्या मोबाईलवरून केलेले टेस्ट कॉल पुरतात.

मी कॉमर्सची. पुण्यात दुकानदारांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत सपोर्टला एजंट होते, मग टीएल, म्हणजे टीम लीड झाले. जीएसटीच्या दोन रिटर्नांची, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ आणि जीएसटीआर-थ्रीबीची २० तारीख जवळ आली की दरमहा रिटर्न भरणाऱ्यांच्या फोनने क्यू तुंबायचा. प्रश्न तेच: एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा आकडा) घेत नाही, बिल नंबर दोनदा पडला, अपलोडला एरर येतोय. उत्तरं आमच्या डिस्कोर्सवरच्या (ऑनलाइन चर्चामंच चालवायचं सॉफ्टवेअर) कम्युनिटीत आधीच पडून असायची, पण फोन करणारा तिथे जातोय कशाला! म्हणून वरून फर्मान आलं. कॉल संपला की एजंटने टाकलेल्या डिस्पोझिशनवरून (कॉल कशाबद्दल होता तो यादीतून निवडलेला शेरा) ग्राहकाच्या कम्युनिटी खात्यात खासगी मेसेज जाऊ दे, उत्तराची लिंक आणि सोबत एजंटची नोट. उत्तर नसेल तर नवा टॉपिक उघडू दे. डेव्हलपर मिळणार नव्हता. ते माझ्या गळ्यात पडलं.

नव्या टॉपिकचा भाग सोपा, तो भराभर सांगते. टेलिफोनी सिस्टीम एका कॉलसाठी एकच वेबहुक पाठवेल असं समजू नका. रिंग झाली, उचलला, ट्रान्सफर झाला, संपला, प्रत्येकाचा निरोप वेगळा येऊ शकतो. फिल्टर लावून फक्त संपलेला कॉल घ्या आणि तो फिल्टर अगदी वर ठेवा, कारण तिथे अडलेल्या कॉलच्या पुढच्या पायऱ्यांचे पैसे लागत नाहीत. वेळेत उत्तर मिळालं नाही की तोच निरोप पुन्हा येऊ शकतो, म्हणून कॉल आयडी शीटमध्ये नोंदवा आणि आधीच असेल तर तिथेच थांबा. रॅप-अप (कॉलनंतर एजंटने नोंद करायची वेळ) संपेपर्यंत डिस्पोझिशन भरलेलं नसतं, रेकॉर्डिंगची लिंकही मागाहून तयार होते. मध्ये काही मिनिटांचा डिले टाका. डिस्कोर्सच्या मूळ सेटिंगमध्ये १५ अक्षरांपेक्षा छोटं शीर्षक चालत नाही आणि एकाच शीर्षकाचा दुसरा टॉपिकही उघडत नाही. 'जीएसटी एरर' एवढंच पाठवलंत तर ४२२ चा एरर घेऊन परत येईल. शीर्षकात तारीख-वेळ जोडली की काम होतं.

एवढं चाललं की हवेत जाल. जाऊ नका.

खरा सापळा मेसेजच्या भागात आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल, हे नीट वाचा. कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर माणसाला फोन नंबरवरून ओळखतं. डिस्कोर्स ओळखतं ईमेल आणि युजरनेमवरून. तिथे खातं उघडताना फोन नंबर विचारलाच जात नाही, ॲडमिनने वेगळं फील्ड जोडलं तरच. म्हणजे दोन्हीकडे सामाईक असं काहीच नाही. ट्यूटोरियलवाले नेमकी दोन्हीकडे ईमेल असलेली ॲप घेऊन बसतात आणि पाच मिनिटांत जोडून दाखवतात. तुमच्याकडे मधे एक शीट येणारच: एका रकान्यात नंबर, दुसऱ्यात युजरनेम.

मग पहिला घोळ होतो फॉरमॅटचा. एकच नंबर टेलिफोनीतून पुढे शून्य लागून येतो, सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) +९१ लावून असतो, आणि एजंटने हाताने टाकलेला मधे स्पेस देऊन. गुगल शीट त्यात भर घालते. +९१ ने सुरू होणारा नंबर साधा आकडा समजून अधिकचं चिन्ह उडवते, सुरुवातीचं शून्यही गिळते. रकाना आधीच प्लेन टेक्स्ट करून घ्या आणि दोन्हीकडचे शेवटचे १० आकडेच जुळवा. भारतातल्या लँडलाइनलाही हे चालतं, कारण शून्य सोडून एसटीडी कोड आणि नंबर मिळून १० आकडे होतात. पुण्याचे २० आणि पुढचे आठ. दुबई-सिंगापूरचे ग्राहक असतील तर देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर ठेवावा लागेल.

इथवर कुणीही सांगतं. पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं. नंबर एकाच माणसाचा असतो हे ठरवलं कुणी? मेडिकलच्या दुकानाचा फोन काउंटरवर पडलेला असतो. त्यावरून कधी मालक बोलतात, कधी वहिनी, कधी कामावरचा पोरगा. कम्युनिटीतलं खातं मात्र मुलाने स्वतःच्या ईमेलवरून उघडलेलं. आणि याच्या उलटही: रिटर्न भरणारा अकाउंटंट एक, दुकानं दहा-बारा, आणि सगळ्यांच्या नोंदणीत मोबाईल त्याचाच, कारण ओटीपी त्याला हवा असतो. म्हणजे शीटमध्ये एका नंबरच्या दहा-बारा ओळी. झॅपियरचं साधं लुकअप, म्हणजे शीटमध्ये ओळ शोधणारी पायरी, त्यातली एकच ओळ उचलतं. मेकचं सर्च सापडलेल्या सगळ्या ओळी घेतं आणि पुढची पायरी प्रत्येक ओळीसाठी चालवतं, म्हणजे मेसेज सगळ्यांनाच. टूल सांगितलेलं काम चोख करतं, म्हणून एरर येत नाही.

आमच्याकडे अशाच एका अकाउंटंटने किराणा दुकानाच्या बिलांसाठी फोन केला. एजंटने नोटमध्ये दुकानाचं नाव आणि थकलेली रक्कम लिहिली, आणि मेसेज गेला त्याच बाजारपेठेत समोर बसणाऱ्या दुसऱ्या दुकानदाराला. टूलच्या हिस्टरीत सगळं हिरवंगार. डिस्कोर्सवरचा मेसेज काढला, पण नोटिफिकेशनचा मेल पोचला होता, तो परत कसा घेणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं, तेही आवाज चढलेल्या मीटिंगमध्ये.

तेव्हा लुकअपच्या आधी ओळी मोजा. नेमकी एक सापडली तरच मेसेज. शून्य किंवा एकापेक्षा जास्त असतील तर वेगळ्या शीटमध्ये, आणि ती शीट रोज दुपारी माणसाने बघायची. झॅपियरच्या सर्च पायरीत काही सापडलं नाही तरी यशस्वी धरायचं का असा पर्याय असतो. त्याला 'नाही'च राहू द्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या रिकाम्या डेटावर धावतात. मेसेजमध्ये फक्त लिंक. नोट, रक्कम, रेकॉर्डिंग काहीही नाही, साहेब कितीही म्हणाले तरी. आणि एजंटच्या स्क्रिप्टमध्ये एक वाक्य घाला: 'कम्युनिटीवर कोणत्या नावाने आहात?' त्याने एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) थोडा वाढतो, ऑपरेशन्सवाले कुरकुरतात. कुरकुरू देत.

हे वाचून धसका घेऊ नका. हे काम फ्लोअरवरच्या माणसाला डेव्हलपरपेक्षा चांगलं जमतं असं माझं ठाम मत आहे. घाईत एजंट ड्रॉपडाउनमधलं पहिलं किंवा 'इतर' निवडतो, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तुम्हीच निवडलेलं असतं. म्हणून मी आधी डिस्पोझिशनची यादी छाटायला लावली, मग फ्लो बांधला. चॅटजीपीटीला विचारलंत तर पायऱ्या व्यवस्थित सांगेल, पण एका मोबाईलवर दहा दुकानं चालवणारा अकाउंटंट तुमच्याकडे आहे हे त्याला कोण सांगणार? रेडीमेड टेम्प्लेट विकणारे आणि लिंक्डइनवर मेंटर म्हणून मिरवणारे यांच्यापासून चार हात लांब राहा. माझी खरी गुरू क्यूएमधली (कॉलचा दर्जा तपासणारी टीम) ताई, जी दिवसभर हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकते. तिच्यासोबत चहा प्या, वही घेऊन.

सुरू करताना थेट मेसेज पाठवू नका. आठवडाभर फक्त शीटमध्ये लिहू द्या, कुणाला काय गेलं असतं ते. त्या आठवड्यात रिटर्नची एखादी शेवटची तारीख येऊ द्या, नाहीतर आठवडा फुकट.

इंटरव्ह्यूचं विचाराल तर सर्टिफिकेटबद्दल मला दोनच ठिकाणी विचारलं गेलं, आणि तेही एचआरने. कामाचं बघणारा माणूस विचारतो, फेल कुठे गेलं? फ्लोचा रंगीत स्क्रीनशॉट सगळेच आणतात. तुम्ही ती अडलेल्या कॉलची शीट दाखवा आणि एकेक ओळ का अडली ते सांगा. नंबर आणि नावं झाकून, अर्थात.