छोट्या शब्दांतून स्पॅनिश: पत्ते, भेंड्या आणि नाव-गाव-फळ-फूल

स्पॅनिशमधले रोज लागणारे कितीतरी शब्द दोन ते पाच अक्षरांत संपतात. सोल म्हणजे सूर्य, साल म्हणजे मीठ, पान म्हणजे पाव, मार म्हणजे समुद्र. मराठी माणसाला ते उच्चारायला जड जात नाहीत. फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. शब्द एवढा लहान असला की एक अक्षर चुकले तरी दुसराच शब्द तयार होतो: पेसो म्हणजे वजन, पीसो म्हणजे मजला आणि बेसो म्हणजे चुंबन. लांब शब्दातली चूक ऐकणारा सांभाळून घेतो, इथे त्याला तेवढी संधीच नसते. म्हणून हे शब्द एकेकटे पाठ करू नका. त्यांच्या जुळ्या भावंडांसोबत आणि खेळातच ते घ्या, कारण खेळात प्रत्येक अक्षराकडे बघावेच लागते.

या लेखात शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, पण वहीत आणि पत्त्यांवर ते रोमन लिपीतच लिहा. देवनागरीची सवय लागली की बी आणि व्ही, सी आणि झेड, सुरुवातीचा मूक एच यांतला फरक डोळ्यांना कधी दिसतच नाही, आणि पुढचे सगळे खेळ त्याच फरकावर चालतात.

आधी उच्चार

स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. इंग्रजी माध्यमाची मुले रोमन अक्षर दिसले की इंग्रजी वाचतात, टी दिसला की ट, डी दिसला की ड. ही खोड पहिल्याच दिवशी मोडा. स्पॅनिशमध्ये ताकातला त आणि दारातला द लागतो. जे हे अक्षर घशातून घासून येणारा ख़ आहे. सोलापुरात उर्दू कानावर पडतेच, ‘ख़बर’मधला ख़ जसाच्या तसा चालेल. व्ही आणि बी दोन्ही ब. एच मुका. जोड-एल बहुतेक ठिकाणी य. झेड, आणि ई-आयच्या आधीचा सी, लॅटिन अमेरिकेत स, स्पेनच्या बहुतेक भागात थ-कडे झुकणारा. यांपैकी एक निवडा आणि बदलू नका; या लेखात स घेतला आहे.

सगळ्यात जास्त सराव र ला लागतो. एकेरी आर आपला साधा र. जोड-आर म्हणजे ‘भुर्रकन उडाला’मधला र्र. पेरो म्हणजे ‘पण’, पेर्रो म्हणजे कुत्रा. कारो म्हणजे महाग, कार्रो म्हणजे लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात मोटारगाडी. शब्दाच्या सुरुवातीला आर एकच लिहिलेला असला तरी तो र्रच म्हणायचा: र्रोख़ो (लाल), र्रोपा (कपडे).

पत्ते कसे करायचे

जुन्या लग्नपत्रिका घ्या. कागद जाड असतो आणि आतली एक बाजू बहुधा कोरी सापडते. 5×7 सेंमीचे तुकडे कापा. एका बाजूला फक्त मराठी अर्थ. दुसऱ्या बाजूला स्पॅनिश शब्द त्याच्या एल किंवा ला या उपपदासकट (नामाआधी येणारा, त्याचे लिंग दाखवणारा छोटा शब्द), पुल्लिंगी निळ्या शाईने, स्त्रीलिंगी लाल शाईने. खाली त्याचा जुळा शब्द, आणि त्याखाली तीन-चार शब्दांचे वाक्य.

उपपदाशिवाय नाम लिहूच नका. मराठीत लिंगे तीन, स्पॅनिश नामांना दोनच, आणि आपली नपुंसकलिंगी नामे तिकडे कुठे जातील याचा अंदाज लागत नाही. घर स्त्रीलिंगी (ला कासा), पुस्तक पुल्लिंगी (एल लीब्रो), फूल आणि मीठ दोन्ही स्त्रीलिंगी (ला फ्लोर, ला साल). आपला चंद्र आणि हात पुल्लिंगी, तिकडे ला लूना आणि ला मानो. शेवटी ओ आला की पुल्लिंग, आ आला की स्त्रीलिंग हा नियम बहुतेक वेळा चालतो, पण तो मोडणारे शब्द नेमके छोटे आणि रोजचे आहेत: ला मानो, ला फोतो, ला मोतो (मोटरसायकल), एल दीआ (दिवस), एल मापा. पाणी तर आणखी फसवे. आगुआ स्त्रीलिंगी आहे, तरी पहिल्याच आ वर जोर असल्यामुळे एकवचनात एल आगुआ म्हणतात. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहते, एल आगुआ फ्रीआ (थंड पाणी), आणि अनेकवचनात लास आगुआस. हा पत्ता लाल शाईनेच लिहा.

शब्द निवडताना हाताशी असलेल्या वस्तूंचे गट करा. सोलापूरकरांना कापडाचा गट सोपा जाईल: इलो (धागा, लिहिताना आधी मूक एच), तेला (कापड), लाना (लोकर), सेदा (रेशीम), नूदो (गाठ), तेलार (माग), तोआया (टॉवेल). आपली सोलापुरी चादर अंगावर घ्यायची असते, म्हणून ती मान्ता. गादीवर अंथरायच्या चादरीला साबाना म्हणतात. दुसरा गट शेंगाचटणीचा: मानी (शेंगदाणे), आख़ो (लसूण), साल, आख़ी (मिरची). मानी आणि आख़ी हे दक्षिण अमेरिकेतले शब्द. मेक्सिकोत शेंगदाण्याला काकाउआते आणि मिरचीला चीले म्हणतात. आख़ो म्हणताना जोर आ वर, आख़ी म्हणताना शेवटच्या ई वर. जोर आणि शेवटचा स्वर चुकला तर लसूण मागताना मिरची मिळेल.

दिवसाला आठ नवे शब्द, आठवड्यात पाच दिवस. उरलेले दोन दिवस फक्त खेळ. आठच्या वर गेलात तर पहिले दोन-तीन दिवस काही वाटत नाही, मग उजळणीचा ढीग साचतो आणि सगळेच सुटते. पत्त्यांसाठी तीन डबे ठेवा. पहिला रोज उघडायचा, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्यातून एकदा. आले तर पत्ता पुढच्या डब्यात, चुकले तर थेट पहिल्या डब्यात परत. उजळणी मराठी बाजू बघून स्पॅनिश बोलण्याची करा, आणि मोठ्याने. स्पॅनिश बाजू बघून अर्थ आठवणे फार सोपे असते. त्यावर विसंबलात तर तोंड उघडायच्या वेळी शब्द येणार नाही.

एका चिन्हाचे शब्द

काही जोड्यांत फरक फक्त स्वरावरच्या तिरप्या रेघेचा असतो, उच्चार तोच. रेघेसह तू म्हणजे तू, रेघेशिवाय तुझा. रेघेसह एल म्हणजे तो, रेघेशिवाय ते उपपद. रेघेसह ते म्हणजे चहा, रेघेशिवाय तुला. रेघेसह सी म्हणजे हो, रेघेशिवाय जर. अशी जोडी एकाच पत्त्यावर लिहा, नाहीतर दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात. एन वरची लाट तर कधीच विसरू नका: आन्यो म्हणजे वर्ष, लाट गळली तर आनो, म्हणजे गुदद्वार. वय सांगताना नवशिक्यांकडून ही चूक हमखास लिहिली जाते.

मे, ते, ले (मला, तुला, त्याला) हे शब्द मराठी माणसाने लगेच वापरायला काढावेत. ‘मे गुस्ता एल ते’ म्हणजे ‘मला चहा आवडतो’. रचना आपलीच आहे, क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालते: ‘मे गुस्तान लास फ्लोरेस’, मला फुले आवडतात. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे बराच काळ अडखळतात. तुम्ही मध्ये इंग्रजी आणू नका.

खेळ

पहिला खेळ शिडीचा, एकट्यालाही खेळता येतो. दर पायरीला एकच अक्षर बदलायचे. गातो (मांजर), पातो (बदक), पालो (काठी), पेलो (केस), पेसो (वजन), पीसो (मजला), पीनो (पाइनचे झाड), बीनो (वाइन, लिहिताना व्ही). पुढची पायरी चढण्याआधी उपपद आणि मराठी अर्थ बोललाच पाहिजे, नाहीतर नुसती अक्षरांची अदलाबदल उरते. सुरुवातीला फक्त नामे आणि विशेषणे घ्या. क्रियापदांची रूपे चालवलीत तर शिडी लांबते, पण अंदाजाने ठोकलेले शब्द घुसतात.

दुसरा खेळ भेंड्यांचा. स्पॅनिश मुले तो ‘पालाब्रास एन्कादेनादास’ या नावाने खेळतात: शब्दाचा शेवटचा उच्चारखंड (मेसातला ‘सा’) घेऊन पुढचा शब्द. मेसा (टेबल), साको (पोते), कोपा (पेला), पातो, तोरो (वळू), र्रोपा. दोन गोष्टी आधी ठरवा. एक, साखळी लेखनावर चालेल की उच्चारावर. ऊबा (द्राक्ष) नंतर कुणी बार्को (जहाज) म्हटले की भांडण होते, कारण द्राक्षात व्ही आहे आणि जहाजात बी. लेखनावर चालवा, स्पेलिंग आपोआप पक्के होते. दोन, व्यंजनान्त शब्द बाद. फ्लोर किंवा लापीस (पेन्सिल) म्हटले की पुढच्याची वाटच बंद होते. आन्यो नेही तसेच होते, त्यामुळे तोही बाद.

नाव-गाव-फळ-फूल तिकडेही आहे. अर्जेंटिनात त्याला तुत्ती फ्रुत्ती म्हणतात, मेक्सिकोत बास्ता, म्हणजे ‘पुरे’. रकाने सहा: नाव, ठिकाण, प्राणी, खाद्यपदार्थ, रंग, वस्तू. एम आला तर मारिओ, माद्रिद, मोनो (माकड), मेलोन (खरबूज), मोरादो (जांभळा), मेसा. आधी भरून होईल त्याने ‘बास्ता’ ओरडायचे आणि सगळ्यांनी पेन खाली ठेवायचे. एकट्याचा शब्द 10 गुण, दोघांचा सारखा आला तर 5. प्राणी, पदार्थ आणि वस्तू यांना उपपद नसेल तर गुण निम्मे. सी, एम, पी, एल, टी ही अक्षरे आधी घ्या. के, डब्ल्यू, एक्स आणि लाटेचा एन चिठ्ठ्यांतून काढूनच टाका.

फिरायला जाताना ‘बेओ, बेओ’ खेळा. एक म्हणतो ‘बेओ, बेओ’ (दिसतंय, दिसतंय), दुसरा ‘के बेस?’ (काय दिसतंय?), पहिला ‘ऊना कोसीता’ (एक छोटीशी वस्तू), दुसरा ‘ई के कोसीता एस?’ (आणि ती कोणती वस्तू?), मग पहिला अक्षर सांगतो: ‘एम्पिएसा पोर ला लेत्रा पे’ (पी या अक्षराने सुरू होते). सिद्धेश्वर तलावाच्या काठावर पे वरून पातो निघेल आणि पेस, म्हणजे जिवंत मासा. ताटातला मासा पेस्कादो. अक्षरांची नावे स्पॅनिशच वापरा: आचे, ख़ोता, एन्ये, एर्रे, सेता.

अक्षरांचे चौकोन

अक्षरांचे चौकोन जुळवून शब्द करायच्या स्क्रॅबल या खेळाचा इंग्रजी संच यासाठी वापरू नका. त्यात ए नऊच आणि ओ आठच असतात, लाटेचा एन नसतो, आणि के-डब्ल्यू हातात अडकून राहतात. घरीच करा: 20×20 सेंमी पुठ्ठ्यातून 2 सेंमीचे बरोबर 100 चौकोन निघतात. स्पॅनिश संचाची वाटणी अशी: ए आणि ई प्रत्येकी 12, ओ 9, आय आणि एस 6, एन, आर, यू, डी 5, एल, टी, सी 4, जी, बी, एम, पी, एच 2, एफ, व्ही, वाय, क्यू, जे, एक्स, झेड, लाटेचा एन, सी-एच, जोड-एल, जोड-आर एकेक, दोन कोरे. सी-एच आणि जोड-एल 2010 पासून अधिकृत वर्णमालेत स्वतंत्र अक्षरे नाहीत, पण या खेळात त्यांचे एकसंध चौकोन राहिले आहेत.

नवशिक्यांनी पट मांडूच नये. प्रत्येकाने सात चौकोन उचलावेत आणि तीन मिनिटांत दोन ते चार अक्षरांचे जमतील तेवढे शब्द लिहावेत. इथे दोन अक्षरी शब्द कामाला येतात: या (आता, झाले), नी (ना), फे (श्रद्धा), ईर (जाणे), बा (जातो), दा (देतो), बी (पाहिले), ऊन (एक). वाद झाला की रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा शब्दकोश बघा. तो इंटरनेटवर फुकट आहे. शब्द कोशात सापडला पण लिहिणाऱ्याला अर्थ सांगता आला नाही, तर गुण देऊ नका. त्याच रात्री त्याचा पत्ता करून पहिल्या डब्यात टाका.