डिस्चार्ज बदलून हवाय? फॉर्म सगळ्यात शेवटी भरा

२०१२ मध्ये अमेरिकन आर्मीने मला काढलं, तेव्हा डीडी-२१४ वर, म्हणजे सैन्य सोडताना मिळणाऱ्या डिस्चार्जच्या दाखल्यावर, रकाना २४ मध्ये ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्मानाने नाही) असा शेरा आणि २८ मध्ये ‘मिसकंडक्ट (ड्रग अब्यूज)’, म्हणजे नशेचं गैरवर्तन, असं कारण छापून आलं. अफगाणिस्तानातून परतल्यावर गांजा ओढायला लागलो होतो, लघवीच्या तपासणीत सापडलो. काढायचं की नाही ते ठरवणाऱ्या बोर्डापुढे बाजू मांडायचा हक्क होता, तोही सही करून सोडला. लवकर घरी जायचं होतं, दुसरं काय! प्लाटूनमधला एकजण म्हणाला, “सहा महिने थांब, आपोआप अपग्रेड होतं.” ही थाप अजून फिरते. आपोआप काहीही होत नाही, मागावं लागतं. मी मागायला सात वर्षं लावली.

आधी मुदत बघा. डिस्चार्जला १५ वर्षं झाली नसतील तर डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे डीडी-२९३ हा फॉर्म भरायचा. १५ उलटली असतील किंवा जनरल कोर्ट मार्शलची शिक्षा म्हणून काढलं असेल, तर सैनिकी नोंदी दुरुस्त करणाऱ्या करेक्शन बोर्डाकडे डीडी-१४९. तिथे मुदत तीन वर्षांची आहे, पण उशीर का झाला ते नीट लिहिलं तर बोर्ड ती माफ करू शकतं. फी कुठेच नाही. आणि घाबरू नका, रिव्ह्यू बोर्ड तुमचा डिस्चार्ज आहे त्याहून खाली नेऊ शकत नाही.

रिव्ह्यू बोर्डापुढे दोन संधी असतात: एकदा नुसती कागदपत्रं, एकदा समोरासमोर सुनावणी. पहिल्याच अर्जात सुनावणी मागितलीत तर कागदपत्रांची संधी गेली. म्हणून क्रम तोच ठेवा, पण दोन्ही १५ वर्षांत बसायला हवं. चौदाव्या वर्षी जागे झाला असाल तर सरळ सुनावणी मागा.

आता खरं काम. फॉर्मला हात लावायच्या आधी एसएफ-१८० भरून सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून तुमची पूर्ण फाइल मागवा. वैद्यकीय कागद बऱ्याचदा व्हीएकडे (माजी सैनिकांचं सरकारी खातं) असतात, तेही मागवा. माझी फाइल आली तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर तारखेप्रमाणे पानं लावत बसलो होतो. मोहिमेवरून परतल्यावर आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, तो हाती आला. ‘झोप लागत नाही’, ‘वाईट स्वप्नं पडतात’ या दोन्हींपुढे माझ्याच हाताची खूण होती, आणि तारीख त्या लघवीच्या तपासणीच्या चार महिने आधीची. मी ते साफ विसरलो होतो. माझी अख्खी केस त्या एका पानावर उभी राहिली.

कारण बोर्ड काय शोधतं ते ठरलेलं आहे. बोर्डांसाठी संरक्षण खात्याने काढलेल्या २०१७ च्या कुर्टा मेमोमध्ये चार प्रश्न आहेत: गैरवर्तनाचं ओझं हलकं करणारा आजार किंवा अनुभव होता का, तो नोकरीत असतानाचा होता का, त्याने गैरवर्तन खरंच समजण्यासारखं होतं का, आणि डिस्चार्जच्या कारणापेक्षा त्याचं पारडं जड आहे का. पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक आजार), डोक्याची इजा, लैंगिक अत्याचार हे सगळं त्यात येतं. असं काही नसेल तरी २०१८ चा विल्की मेमो आहे. त्यात माणूस नंतर कसा वागला आणि त्याला दुसरी संधी द्यावी का, याचा विचार करायला सांगितलंय. नावं काढून टाकलेले जुने निकाल ऑनलाइन वाचता येतात. तुमच्यासारखी दहा प्रकरणं वाचा, कोणता कागद कामी आला ते कळेल.

निवेदन दोन पानांत आटपा. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, “सार्जंटने माझ्यावर डूख धरला होता.” मला फुकट मदत करणाऱ्या लॉ स्कूलच्या कायदा-मदत क्लिनिकमधल्या बाईंनी ते वाक्य लाल पेनाने खोडलं आणि विचारलं, “गांजा कोणी ओढला?” शेवटी पहिलं वाक्य राहिलं: “मी गांजा ओढला, नियम मला माहीत होता.” मग परतल्यानंतरचे ते महिने, मग उपचार, मग नोकरी. प्रत्येक दाव्यापुढे ‘जोडपत्र ३, पान २’ असा हवाला.

ओळखीच्यांची पत्रं घ्याल तर तुम्हाला का काढलं हे माहीत असलेल्यांचीच घ्या. “फार गुणी मुलगा” छापाच्या पत्राला काडीची किंमत नसते. माझ्या फोरमनने लिहिलं की याने पहिल्याच दिवशी मला सगळं सांगितलं होतं आणि त्यानंतरची प्रत्येक ड्रग टेस्ट साफ आली. अशी दोन पत्रं पुष्कळ झाली.

कागदपत्रांवर मला नकार आला. सुनावणी फोनवर झाली, शपथेवर, पाच सदस्यांपुढे. एकाने विचारलं, “मदत का मागितली नाही?” पाठ केलेलं उत्तर तोंडावर होतं, ते न देता म्हणालो, “लाज वाटली.” नंतर पाचजण मतदान करतात, बहुमताने ठरतं.

‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ मिळाला, म्हणजे पूर्ण ‘ऑनरेबल’च्या एक पायरी खाली. व्हीएच्या बहुतेक सवलतींना तो चालतो, जीआय बिलच्या शिक्षणाला मात्र पूर्ण ‘ऑनरेबल’च लागतो. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना आणखी एक सांगतो: सैन्यातल्या नोकरीवर नागरिकत्व मिळालं असेल आणि पाच वर्षांची चांगली सेवा व्हायच्या आत ‘अदर दॅन ऑनरेबल’ पडला असेल, तर ते नागरिकत्व काढून घेता येतं. तेव्हा वकील गाठा, चालढकल नको.

रकाना २८ मात्र अजून तसाच आहे. फॉर्मवर कारण बदलून मागायची वेगळी जागा होती, ती मी कोरी सोडली. आता त्यासाठी डीडी-१४९ भरतोय.