पक्कड घेतली का? हिवाळ्यात फ्लाय फिशिंगला निघताना

पक्कड. लांब तोंडाची, मुळाशी तार तोडायची धार असलेली. आत्ता उठा, बॅगेत टाका, मग पुढचं वाचा.

मागच्या जानेवारीत आम्ही सहा जण तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. गाडीत पाच किलो वांगी होती, तीन काडेपेट्या होत्या, दोन स्पीकर होते, कुणीतरी कॅरम बोर्डसुद्धा टाकला होता. पक्कड नव्हती. ती माझ्याकडे होती. आदल्या दिवशी मी ती बॅगेत ठेवलीही होती, पण रात्री मोटरसायकलच्या क्लचची वायर ओढायला बाहेर काढली आणि ओट्यावरच राहिली. तेव्हापासून लग्नात, बारशाला, अगदी दहाव्याला भेट झाली तरी पहिला प्रश्न ठरलेला: "पक्कड आणली का भो?"

झालं असं. आपल्याकडे गळ म्हटलं की कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, शिशाचा तुकडा आणि वाट बघणं. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून त्याचा किडा किंवा बारकी मासळी करतात, तोच फ्लाय. त्याला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो नुसता फेकता येत नाही. वजन असतं जाड लाइनमध्ये, म्हणजे रिळावरच्या दोरीत. ती चाबकासारखी आधी मागे, मग पुढे सोडावी लागते, आणि जेवढी पुढे जाते साधारण तेवढीच मागेही जाते. नाना लाइन मागे नेत होता. मास्तर त्याच्या मागे उजव्या अंगाला उभा राहून व्हिडिओ काढत होता. वारा उजवीकडून. सहा नंबरचा गळ मास्तरच्या कानाच्या पाळीत, टोकाजवळच्या उलट्या काट्यासकट.

नेलकटर लावून पाहिला. शेजारी गाळपेरीत, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातल्या पेऱ्यात, हरभरा निंदणाऱ्या बाबांनी विळा पुढे केला, तो मास्तरनं हात जोडून परत दिला. शेवटी कानात कोंबड्याचं तांबडं पीस लटकत असलेला मास्तर गाडीत घातला आणि गावाकडे निघालो. स्टँडजवळ गाडी थांबली तर पेरूवाला म्हणतो, "डूल भारी आहे भो!" डॉक्टरांनी कान बधिर केला, गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढलं आणि कंपाउंडरकडे हात केला: "ती पक्कड दे रे." काटा कापला, गळ आला तसा मागे ओढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, संपलं. आम्ही परत पाण्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गळ नानाचा, कान मास्तरचा, शिव्या मात्र मला. बरोबरच होतं ते.

म्हणून पक्कड दोन. एक कमरेला दोरीनं बांधलेली, एक गाडीत. आणि तिचं पहिलं काम पाण्यावर नाही, घरीच आहे: डबीतल्या एकूण एक गळाचा उलटा काटा चेपून टाकायचा. चेपला की नाही ते बघायला गळ कापसाच्या बोळ्यातून ओढा. तंतू अडकले तर अजून चेपा. असा गळ कानात गेला तर आला तसा निघतो, माशाच्या तोंडातूनही सहज सुटतो. "मग मासा निसटणार ना?" असं कुणीतरी विचारतंच. लाइन ताणलेली ठेवली तर सहसा निसटत नाही. निसटला तर निसटला, मास्तरचा कान त्याहून महाग आहे. गळ डोळ्याजवळ रुतला असेल तर मात्र पक्कडही लावायची नाही, ओढायचं नाही, सरळ दवाखाना. चष्मा आणि टोपी सगळ्यांना, नुसतं बघायला आलेल्यालाही. व्हिडिओ काढायचा असेल तर समोरून, लांबून.

रॉड, रीळ, लाइन हे सांगत बसत नाही. ज्याला हे विसरता येतं त्यानं घरी बसावं. आमच्याकडे नऊ फुटी, पाच-सहा नंबरचे रॉड आहेत आणि चिलापीला (तिलापिया मासा) ते भरपूर झाले. फ्लाय आबा बांधतो, गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आणि शिलाईचा दोरा घेऊन. दुकानातून आणणार असाल तर एक लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितका गळ लहान. चिलापीचं तोंड बारीक, तिला दहा ते चौदा नंबर. लाइनच्या टोकाला लावायच्या बारीक नायलॉन दोऱ्याचं एक रीळ जास्तीचं घ्या आणि फ्लाय तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट, कारण काठावर वेडी बाभूळ आहे. मागे गेलेली प्रत्येक तिसरी लाइन तिच्यात जाते. फांदीतून फ्लाय काढायला काय लागतं ते आता विचारू नका.

पहाटे पाचला निघायचा हट्ट सोडा. दर वर्षी कुणीतरी म्हणतं, मासे सकाळीच लागतात. उन्हाळ्यात लागत असतील. माशाचं रक्त थंड, पाणी गार झालं की त्याची भूकही मंदावते. चिलापी तर मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली आपल्या देशात आणलेली. खानदेशातल्या जानेवारीच्या सकाळी ती खोल पाण्यात गप्प पडून असते. पारा आठ-नऊवर असताना काठावर कुडकुडत उभं राहून फक्त सर्दी मिळते. साडेनऊला निघा, अकराला पाण्यावर, खरा वेळ दुपारी बारा ते चार. वारा न लागणारी, ऊन खाणारी, दगडाळ उथळ खाडी शोधा. रोहू-कटल्याची स्वप्नं बघू नका, त्यांचं खाणं वेगळं, फ्लायला ते क्वचितच तोंड लावतात. मरळ लावते, पण थंडीत तीही आळशी. शिंगाळा, हा मिशीवाला मासा, चुकून आलाच तर हातानं धरायचा नाही, कल्ल्यामागचा काटा असा घुसतो की रात्रभर ठणका. पकडीनं गळ काढायचा, लांबूनच.

वारा कायम डाव्या खांद्यावर घ्यायचा, डावखुऱ्यानं उजव्या. उजव्या हातानं टाकणाऱ्याला उजवीकडचा वारा लाइन अंगावर आणून घालतो. हे आम्हाला कान फाटल्यावर कळलं. फेकणाऱ्याच्या मागे वीस पावलं कुणी उभं राहायचं नाही. आणि वर बघा. बॅकवॉटरच्या काठानं शेतकऱ्यांच्या पंपाच्या तारा बांबूवर, बाभळीवर टाकलेल्या असतात, काही तर डोक्याला लागतील इतक्या खाली. आपला रॉड कार्बनचा, त्यातून वीज जाते. तार दिसली की जागा बदला. यात चर्चा नाही.

परवानगी. धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेली असते, त्यामुळे "नदी काय कुणाच्या बापाची आहे का" ही भाषा चालत नाही. दोन दिवस आधी जाऊन त्यांच्या माणसाला भेटा, किती जण, कुठे, धरून सोडणार की नेणार, सगळं सांगा. आम्हाला आजवर नाही म्हणालेले नाहीत, उलट चांगल्या जागा त्यांनीच दाखवल्या. त्यांच्या जाळ्यांच्या तरंगत्या बाटल्यांच्या आसपास लाइन टाकायची नाही. अनेर धरणाचा परिसर अभयारण्य आहे, तिथे रॉड गाडीतून बाहेरही काढू नका. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाच्या घाटावर लोक आंघोळीला, देवाला येतात. तिथे गळ घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत तर नाहीच नाही.

गिरणा नदीवर जाणार असाल तर आवर्तनाची चौकशी करा. धरणातून पाणी सुटलं की सकाळी कोरडं दिसणारं पात्र दुपारी भरतं, आणि मधल्या खडकावर बसलेला माणूस तिथेच अडकतो. पेपरात येतं, सरपंचांना माहीत असतं, एक फोन पुरतो.

गाळ वेगळा सांगतो, कारण तो दिसत नाही. पाणी उतरत जातं तसा काठ उघडा पडतो, वरून वाळून तडकतो, पण पापुद्र्याखाली लोणी. आबाचा गमबूट अजून हतनूरमध्ये आहे. हातात काठी ठेवा, टोचून बघा, मग पाय टाका. जिथे गाळपेर केलेली असते तिथे बांधाबांधानं जा. हरभरा तुडवला तर बोलणी खाल आणि ती खायलाच हवीत. गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही. पोहता येतं हे कारण होत नाही, जानेवारीच्या पाण्यात हातपाय आखडतात.

कपडे: जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. मोज्यांचे तीन जोड. मफलर. सकाळी स्वेटर, दुपारी टी-शर्ट, पाचनंतर परत स्वेटर. पुढे.

आता भरीत. मासे मिळतील आणि मग जेवू, असला विचार करणारे उपाशी झोपतात. शिवाय नाना माळकरी आहे, धरतो आणि सोडतो. घरी तो फक्त भरीत पार्टीला जातो असं सांगून निघतो. आबाचं म्हणणं, चिलापी परत सोडू नये, ती बाकीच्या माशांची जागा खाते. हा वाद दर वर्षी शेकोटीपर्यंत चालतो, चालू द्या. वांगी बामणोदकडची, हिरवट पांढरी, मोठी, हाताला हलकी लागणारी; जड वांग्यात बिया असतात. भाजायची कपाशीच्या काड्यांवरच. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. पण काड्या आदल्या दिवशीच पत्र्याखाली ठेवायला सांगा, रात्री दव पडतं आणि ओल्या काड्यांचा नुसता धूर होतो. भाजण्याआधी वांग्याला टोचे मारा, नाहीतर फुटतं आणि तोंडावर उडतं. वांगी फिरवायला चिमटा वेगळा आणा. पक्कड आगीत घालायची नाही! तेलानं बरबटली की माशाच्या वेळी हातातून निसटते, आणि मग ती धुवायला कुणीतरी नेतं, आणि मग ती कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

बडगी आणि मुसळी, म्हणजे वांगं ठेचायचं लाकडी भांडं आणि दांडका, आणायची जबाबदारी एकाच माणसावर टाका, नाव घेऊन. "कुणीतरी आणेल" म्हटलं की कुणीच आणत नाही. हिरवी मिरची आणि लसूण भाजून, मग वांगं ठेचायचं. पातीचा कांदा, शेंगदाणे, कोथिंबीर, वरून कच्च्या तेलाची धार. तेल मोजू नका. कळण्याच्या भाकरी घरूनच करून घ्या, जाड धडप्यात बांधून. काठावर भाकरी थापण्याचा प्रयोग आम्ही केलाय, त्याचे फोटो पुसून टाकलेत. मीठ वेगळ्या डबीत. पाणी वीस लिटरचा जार, धरणाचं पाणी बघून मोह होतो, पिऊ नका.

मुक्काम तंबूत नाही, मळ्यातल्या खोलीत. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बिबट्या फिरतो, उगाच मर्दुमकी नको. रात्री शेकोटीभोवती कितीही वेळ बसा, पण मळा ज्याचा आहे त्याला लवकर झोपू द्या. आमच्या मित्राच्या मळ्यात त्या आठवड्यात पंपाची लाइट रात्रीची होती. दोन वाजता तो गव्हाला पाणी द्यायला उठला आणि आम्ही सहाही जण, कानाला पट्टी बांधलेल्या मास्तरसकट, बॅटऱ्या घेऊन त्याच्यामागे बांधावर गेलो. खरं सांगतो, त्या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं तेच होतं. पायाखाली गार पाणी, वर चांदणं, आणि नाना वाफ्यात उभा राहून मास्तरची माफी मागतोय. म्हणून बॅटरी प्रत्येकाला एक. मोबाइलचा टॉर्च धरून दारं मोडता, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवता, येत नाहीत.

घोंगडी जास्तीची. औषधं: कापूस, पट्टी, जंतुनाशक, डोकेदुखीची गोळी. जवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे ते आधीच विचारून ठेवा. गाडीत डिझेल. सुटे पैसे.

येताना: नायलॉनच्या दोऱ्याचे तुकडे गोळा करा, पक्ष्यांच्या पायात अडकतात आणि हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरलेले असतात. काचा, पत्रावळी, राख. रॉड पुसून, लाइन वाळवून. हिशोब त्याच रात्री, नाहीतर होळीपर्यंत चालतो. ओले मोजे गाडीत विसरू नका.

आणि पकडी मोजा. दोन नेल्या होत्या, दोन परत. यंदा शनिवारी जातोय, साडेनऊला माझ्या घरासमोर. मास्तर येतोय, हेल्मेट घालून.