सोशल मीडियावर ख्रिस्ती साक्ष कशी जपावी

ख्रिस्ती साक्ष म्हणजे आपल्या वागण्याबोलण्यातून इतरांना दिसणारा विश्वास. राग आला असताना लिहिलेलं उत्तर लगेच पाठवू नका. ते नोट्समध्ये ठेवा, प्रार्थना करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. बायबलमधलं याकोब १:१९ हे वचन ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे व्हायला सांगतं. कमेंट लिहितानाही हाच क्रम पाळायचा.

मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) कुणाचं चुकलं असेल तर मत्तय १८:१५-१७ मधल्या पायऱ्या पाळा: आधी एकांतात त्याच्याशी बोला, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, मगच मंडळीला सांगा. ग्रुपवर किंवा स्टेटसवर टोमणा मारला की पहिली पायरीच गाळली जाते. समोरचा सगळ्यांदेखत दुखावतो, स्वतःचा बचाव करू लागतो आणि समेट लांबतो. नाव न घेता मारलेला टोमणाही तितकाच लागतो, कारण रोख कुणावर आहे ते सगळ्यांना कळतं.

मोठं नुकसान प्रार्थना विनंत्यांतूनही (दुसऱ्यासाठी प्रार्थना करा असं सांगणाऱ्या मेसेजमधून) होऊ शकतं, तेही चांगल्या हेतूने. आजार, घरातला वाद, कर्ज यांबद्दल लिहिण्याआधी त्या व्यक्तीला विचारा: नाव घालू का, किती सांगू, कोणत्या ग्रुपवर? उत्तर आलं नसेल तर नाव आणि तपशील गाळा. मेसेज नंतर सर्वांसाठी डिलीट केला तरी पुढे पाठवलेल्या प्रती आणि स्क्रीनशॉट राहतातच.

खोटी बातमी फॉरवर्ड झाली असेल, तर ज्या ज्या ग्रुपवर पाठवली तिथेच स्पष्ट दुरुस्ती लिहा. गुपचूप काढून टाकणं पुरेसं नाही.

दानधर्माचे फोटो टाकूच नका. मत्तय ६:३ पुरेसं स्पष्ट आहे: दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका.